सातापर्यंत

“हात ठेव,” आण्णा म्हणाले.

मी रेडिएटरच्या वरच्या पितळी टाकीवर उजवा तळवा टेकवला आणि मोजायला लागले. मोठ्यानं मोजायचं, असा नियम होता. एक, दोन, तीन, चार. पाच म्हणायच्या आधीच हात आपोआप उचलला गेला.

“चार?”

“चार.”

“सात पाहिजेत. इंजिन चालू राहू दे पाच मिनिटं. बंद केलंस की पंखा थांबतो आणि आतली आग आतच कोंडून राहते.”

आण्णा बॉनेटच्या पलीकडच्या बाजूला दोन्ही हात पाठीमागं बांधून उभे होते. फेब्रुवारीतल्या रविवारची सकाळ होती. आमच्या परसात गाडी अर्धा तास गुरगुरत उभी होती आणि शेजारच्या बाईंनी वाळत घातलेल्या चादरी पेट्रोलचा वास लागू नये म्हणून उचलून नेल्या होत्या. पाच मिनिटांनी मी पुन्हा हात ठेवला. सहा. आणखी पाच मिनिटांनी सात.

“कळलं?” त्यांनी विचारलं. “सात म्हणजे पळायला तयार. चार म्हणजे दम खाऊ दे. दोन म्हणजे जागचं हलायचं नाही.”

मला हे लहानपणापासून ठाऊक होतं. वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी ते पुन्हा शिकवायचं काय कारण, हे मी विचारलं नाही. म्हातारपणी माणसाला शिकवण्याची हौस येते, एवढंच मनात आलं.

या गोष्टीला आता सोळा वर्षं झाली. माझे वडील, धोंडीराम तारळेकर, कोल्हापुरात उद्यमनगरात चौतीस वर्षं फियाट गाड्या दुरुस्त करत होते. त्यांच्या गॅरेजात तापमान मोजायचं साधन म्हणजे त्यांचा उजवा तळवा. गिऱ्हाईक गाडी घेऊन आलं की ते आधी टाकीवर हात ठेवायचे, मग वरच्या नळीवर, मग खालच्या नळीवर, आणि मगच “काय झालंय?” असं विचारायचे. बहुतेक वेळा उत्तराची त्यांना गरज नसे. पुढं रस्त्यावरच्या फियाट संपत गेल्या आणि गॅरेजही बंद झालं. आई त्याआधीच गेली होती. घरात आम्ही दोघं, कोपऱ्यावर माझं औषधाचं दुकान आणि परसात त्यांची स्वतःची बहात्तर सालची हिरवी फियाट, एवढा संसार उरला.

वर्षातले दोन रविवार मात्र त्यांचे होते. कागलच्या पुढं एका साखर कारखान्याची जुनी धावपट्टी होती. एके काळी तिथं चेअरमन साहेबांचं विमान उतरायचं. विमान गेलं आणि पट्टीवर मिरच्या वाळू लागल्या. गाड्यांचा शौक असलेल्या काही लोकांनी ती मागून घेतली. डिसेंबरात आणि एप्रिलात एकेक रविवार ते टायर मांडून वळणं करत आणि गाड्या पळवत. पंचवीस वर्षांपेक्षा जुन्या गाड्यांचा गट वेगळा होता. सकाळी आठ फेऱ्या, मधे विश्रांती, पुन्हा आठ फेऱ्या. बक्षीस वगैरे काही नव्हतं, फक्त घड्याळावर वेळ लावायचे. गाडी मी चालवायची. आण्णा कडेला उभे राहायचे, आणि ज्या कुणाची जुनी गाडी कुरकुरत असेल तो त्यांच्याकडं यायचा. त्या पट्टीवर त्यांना सगळे डॉक्टर म्हणत. घरी परतल्यावर पुढचे आठ-दहा दिवस त्यांची चाल बदललेली असे.

आदल्या डिसेंबरात आमची गाडी उकळली होती. विश्रांतीत आण्णांनी टाकीवर हात ठेवून शांतपणे सातापर्यंत मोजलं होतं आणि “गार आहे, जाऊ दे,” म्हणाले होते. पाचव्या फेरीला बॉनेटखालून वाफ निघाली, नळी सुटली आणि सगळं पाणी वळणावर सांडलं. मागून येणारी गाडी त्यावरून घसरून टायरांच्या ढिगात शिरली. चालवणाऱ्याला काही झालं नाही. पण आयोजन बघणारा हर्षद चौगुले, जेमतेम तिशीतला इंजिनियर, दुसऱ्या दिवशी घरी आला. बराच वेळ इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर त्यानं खाली बघत सांगितलं की, कमिटीनं नियम केलाय, दुसऱ्यांदा पाणी सांडलं तर त्या गाडीचं नाव यादीतून कायमचं काढायचं. आण्णा म्हणाले, “बरोबर आहे. मी असतो तर पहिल्यालाच काढलं असतं.” तो गेल्यावर ते परसात जाऊन गाडीजवळ उभे राहिले. मी चहा घेऊन गेले तेव्हा तो त्यांनी बॉनेटवर ठेवला आणि पार गार होईपर्यंत प्यायला नाही.

जानेवारीपासून आम्ही दर रविवारी गाडीला लागलो. रेडिएटर काढून शाहूपुरीतल्या एका माणसाकडून त्याच्या नळ्यांत सळई फिरवून घेतली. त्यातून कपभर गंज निघाला. नळ्या नव्या घातल्या, पंख्याचा पट्टा नवा घातला. तेलाच्या डब्याचा पत्रा कापून आण्णांनी पंख्याभोवती गोल आडोसा केला, म्हणजे पंखा ओढेल ती सगळी हवा रेडिएटरमधूनच येईल. पत्रा कापला मी. ते खडूनं रेघ मारून द्यायचे. स्क्रू त्यांच्या बोटांतून निसटायचे, मग मी बसवायचे. आणि काम झालं की, “हात ठेव.”

एका गोष्टीवरून आमचं वाजलं. मी कुठंतरी वाचलं होतं की जुनी गाडी तापायला लागली तर तिचा हिटर लावावा. हिटर म्हणजे डॅशबोर्डखाली बसवलेला छोटा रेडिएटरच. तो उघडला की इंजिनाची थोडी उष्णता गाडीच्या आत येते. माणूस भाजतो, पण इंजिन वाचतं. आमच्या गाडीचा हिटर आण्णांनी चौऱ्याहत्तर सालीच नळ्यांना बूच मारून बंद केला होता. कोल्हापुरात हिटर लागतो कुणाला?

“एप्रिलात हिटर?” ते म्हणाले. “लोक म्हणतील, धोंडीरामच्या पोरीला थंडीताप आलाय.”

तरी मी हट्ट धरला तेव्हा त्यांनी तो जोडून दिला. वर बजावलं, की पट्टीवर त्याला हात लावायचा नाही. चौतीस वर्षं गाड्या थंड ठेवल्या त्या काय हिटर लावून?

एप्रिलातला तिसरा रविवार. आम्ही सातला निघालो आणि आठला पट्टीवर पोचलो. आण्णांनी पांढरा शर्ट घातला होता. गाड्यांच्या रांगेतून ते प्रत्येकाशी बोलत पुढं गेले, पाठीमागं हात बांधूनच. माझ्या शेजारी अँबॅसडर उभी होती, सांगलीच्या कदम वकिलांची. वकील थोड्या वेळानं एक चप्पल हातात घेऊन आण्णांच्या मागून आले.

“काय डॉक्टर, एक चप्पल पट्टीला दान केली काय?”

आण्णांनी खाली बघितलं. त्यांचा डावा पाय अनवाणी होता. चप्पल तीस-चाळीस पावलं मागं राहिली होती.

“दुसरी पण देणार होतो,” ते म्हणाले. “तुम्ही घाई केलीत.”

सगळे हसले, मीही हसले. मग त्यांना चप्पल घालताना बघून मी रागावले, की लक्ष असतं कुठं तुमचं, डांबर तापलंय, पाय भाजला असता.

पहिल्या आठ फेऱ्या मी गाडी मन लावून पळवली. डिसेंबरचा डाग धुवायचा होता. गाडीच्या तापमानाचा काटा कधीचाच मेलेला होता, त्यामुळं माझं सगळं लक्ष वासाकडं होतं. सातव्या फेरीत कूलंटचा गोडसर वास आला आणि आठवीत तो वाढला. हिटरच्या खटक्याकडं दोनदा हात गेला आणि दोनदा मी तो मागं घेतला. फेरी संपवून जागेवर आले, इंजिन चालूच ठेवलं, बॉनेट उघडलं आणि टाकीवर हात टेकवला. एक. दोन. हात झटकला गेला.

आण्णा अजून दहा पावलांवर होते. त्यांच्याबरोबर हर्षद आणि दोन नवे सभासद होते. हर्षदच्या हातात पिस्तुलासारखं एक यंत्र होतं. लांबून रोखलं की वस्तूचं तापमान आकड्यात दाखवणारं. तो त्या दोघांना सांगत होता, की हे यंत्र त्यानं हौसेनं घेतलं खरं, पण आण्णांचा तळवा याच्यापेक्षा जुना आणि जास्त भरवशाचा आहे. त्याच्या बोलण्यात खवचटपणा नव्हता. डिसेंबरनंतर त्याला आण्णांना चार लोकांत मान द्यायचा होता, हे मला दिसत होतं.

“आधी तुम्ही सांगा आण्णा,” तो म्हणाला, “मग मी मोजतो. बघू दे यांना.”

आण्णा क्षणभर तसेच उभे राहिले. मग त्यांनी पाठीमागचा उजवा हात पुढं आणला आणि टाकीवर पालथा ठेवला.

“एक,” ते म्हणाले. “दोन.”

म्हशीच्या पाठीवर हात ठेवावा तसा त्यांचा हात टाकीवर होता. चेहरा स्वस्थ होता. नवे सभासद कौतुकानं बघत होते.

“तीन. चार.”

मी माझ्या तळव्याकडं बघितलं. तो लाल झाला होता. मग त्यांच्या पायातल्या चपलेकडं बघितलं.

“आण्णा,” मी म्हणाले, “चावी द्या.”

“कसली चावी?”

“डिकीची. तुमच्या खिशात आहे. उजव्या.”

त्यांनी हात उचलला आणि पँटच्या उजव्या खिशात घातला. चावी तिथं नव्हती. डिकीची चावी गाडीच्या चावीबरोबर एकाच कडीत होती, आणि ती कडी मी बसायच्या जागेसमोर, चालू गाडीच्या कुलपातच लटकत होती. त्या दोन चाव्या त्यांनी स्वतःच एका कडीत घातल्या होत्या, आईच्या हयातीत. ते खिसा चाचपत राहिले आणि चाचपता चाचपता त्यांनी माझ्याकडं बघितलं. किती वेळ ते सांगता येणार नाही. फार नसेल.

“घरी राहिली वाटतं,” ते म्हणाले.

“राहू दे मग. बघू नंतर.”

“काय म्हणतो हात?” हर्षदनं विचारलं. “जायचं?”

आण्णांनी टाकीकडं बघितलंच नाही. ते माझ्याकडं बघत होते. मी ओढणीच्या आडून दोन बोटं दाखवली.

“साध्या हाताला दोन,” आण्णा म्हणाले. “जागचं हलायचं नाही.”

हर्षदनं यंत्र रोखलं. अठ्ठ्याण्णव. तो त्या दोघांकडं वळून म्हणाला, बघा, अजून एक-दोन अंश वर गेलं तर पाणी उसळायला लागलं असतं, आणि हे आण्णांना नुसत्या हातानं कळलं. तोपर्यंत आण्णांचा हात पुन्हा पाठीमागं गेला होता. मूठ मिटलेली होती.

ते तिघं पुढच्या गाडीकडं गेले. दुसऱ्या फेऱ्यांना पंचवीस मिनिटं होती. आम्ही गाडी बाभळीच्या सावलीत वाऱ्याकडं तोंड करून लावली. मी पोतं भिजवून रेडिएटरच्या पुढं जाळीवर टाकलं. इंजिनवर पाणी मारायचं नाही, तडा जातो, एवढं आण्णांनी सांगितलं. इंजिन संथ चालू होतं आणि पत्र्याच्या आडोशातून गरम हवा सू-सू करत मागं येत होती. मी दर पाच मिनिटांनी हात ठेवत होते आणि आता न सांगता मोठ्यानं मोजत होते. तीन. चार. पाच. शेवटी बोलावणं आलं तेव्हा सहा.

“सात?” त्यांनी विचारलं.

“सहा.”

त्यांनी विचार केला. पट्टीवर कदम वकील हॉर्न वाजवत होते.

“माणिक,” ते म्हणाले, “दोन फेऱ्या पळव, एक चालव. पुन्हा दोन पळव, एक चालव. कोण पुढं जाईल त्याला जाऊ दे.” मग पोत्याकडं बघत हळूच म्हणाले, “आणि हिटर लाव. सातवा तो देईल.”

मी हिटर पूर्ण उघडला. एप्रिलात, साडेदहाच्या उन्हात, पस्तीस वर्षं बंद असलेल्या त्या नळीतून आधी धूळ आली आणि मग झळ. चारही काचा खाली होत्या तरी दुसऱ्या फेरीला स्टीअरिंग घामानं निसटायला लागलं. झळ थेट नडगीवर येत होती. तिसरी फेरी चालवत घेतली तेव्हा अँबॅसडर मला मागं टाकून गेली आणि वकिलांनी खिडकीतून हात जोडले. सहाव्या फेरीला बाकीचेही पुढं गेले. पण चालत्या फेरीत नडगीवरची झळ कमी व्हायची, पळत्या फेरीत वाढायची, आणि थोड्या वेळानं माझ्या लक्षात आलं की मेलेल्या काट्याचं काम माझी नडगी करते आहे. मग मी झळ वाढली की तेवढ्यापुरता पाय हलका करायचे. टायरांच्या वळणावर दर वेळी आण्णा दिसायचे, पांढरा शर्ट, हात पाठीमागं. सातवी. आठवी. गोडसर वास आला नाही.

मी सगळ्यांत शेवटी आले. हर्षद गाडीभोवती फिरला, गुडघ्यावर बसून त्यानं खालची जमीन बघितली, डांबरावर हात फिरवला. कोरडं होतं. त्यानं यादीवर खूण केली आणि, “आण्णा, डिसेंबरात या,” म्हणाला. मी दार उघडून बाहेर आले तेव्हा माझे कपडे अंगाला चिकटले होते. वकिलांनी आत डोकं घालून बघितलं आणि झळ लागून मागं सरकले.

“ताई, आत शेकोटी केली होती काय?”

“थंडीताप आलाय तिला,” आण्णा म्हणाले.

परतताना ते नेहमीसारखे माझ्या शेजारी बसले. कागल ओलांडल्यावर मी गाडी एका झाडाखाली घेतली आणि त्यांना हात उघडायला सांगितलं. त्यांनी आधी खिडकीबाहेर बघितलं, मग मूठ उघडली. बोटांच्या मुळाशी चार फोड आले होते. मधला तळवा पांढरट पडला होता. मी बाटलीतलं पाणी हळूहळू त्यावर सोडत राहिले.

“दुखत नाही?”

“दुखत असतं तर काढला असता की.”

“कधीपासून?”

“बोटं दिवाळीपासून. पाय त्याच्या आधी.”

माझ्या दुकानात मधुमेहाच्या गोळ्या न्यायला येणाऱ्या प्रत्येक माणसाला मी विचारायचे, पायाला मुंग्या येतात का, हात बधिर होतात का. आण्णांच्या त्याच गोळ्या मात्र महिन्याच्या एक तारखेला मी दुकानातून आणून घरी फळीवर ठेवत होते. त्यांना मी कधीच काही विचारलं नव्हतं.

“डिसेंबरात मला टाकी गारच लागली,” ते म्हणाले. “खोटं नाही बोललो. घरी येऊन गॅसवरच्या तव्याला बोट लावून बघितलं, तेव्हा कळलं.”

“मग मला का नाही सांगितलं?”

बाटलीतलं पाणी संपलं. मी ओढणीचं टोक भिजवलेलं होतं ते त्यांच्या तळव्यावर ठेवलं.

“दर रविवारी तुझाच हात घेत होतो की,” ते म्हणाले.

हात बरा व्हायला पाच आठवडे लागले. त्यानंतर सहा वर्षं आण्णा होते आणि त्या सहा वर्षांत गाडी एकदाही उकळली नाही. पट्टीवर लोक त्यांना डॉक्टरच म्हणत राहिले. कुणाची गाडी तापली की आण्णा हात पाठीमागं बांधून तिच्याजवळ जायचे आणि म्हणायचे, “माणिक, बघ जरा.” लोकांना वाटायचं, म्हातारा पोरीला तयार करतोय.

पण मला जास्त आठवते ती दुसऱ्या दिवशीची सकाळ. मी त्यांच्या हाताची पट्टी बदलली आणि चहा ठेवला. कप त्यांच्यासमोर ठेवून मी वळणार, तेवढ्यात जानेवारीपासून त्या टेबलावर साय धरलेला चहा किती वेळा बघितला होता ते आठवलं. चहा गार करून प्यायची ही कसली खोड, म्हणून मी किती वेळा चिडले होते तेही. मी खुर्ची ओढून बसले. आण्णांनी कपाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, आणि डाव्या हाताच्या बोटानं कप माझ्याकडं सरकवला.

“हात ठेव,” ते म्हणाले.

मी कपाला तळवा लावला आणि मोठ्यानं मोजायला लागले. एक, दोन, तीन, चार, पाच.

“पाच,” मी हात काढून सांगितलं.

“सात पाहिजेत,” आण्णा म्हणाले, आणि आम्ही दोघं थांबलो.